अर्धा अर्ज शाळेच्या हाती: ब्रिटनमधून अमेरिकी विद्यापीठांत प्रवेश मागताना

ब्रिटनमध्ये सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पदवीसाठी अमेरिकेला जायचे असले, की आपण पालक सहसा सॅट या अमेरिकी प्रवेश परीक्षेच्या गुणांपासून विचार सुरू करतो. आमच्याही घरी तेच झाले. मुलगी इंग्लंडमधल्या एका सरकारी शाळेत ए-लेव्हल (तिथली बारावीच्या पातळीची परीक्षा) करत होती. उन्हाळाभर तिने सराव परीक्षा सोडवल्या, निबंधाचे दोन मसुदे केले, आणि ऑक्टोबर उजाडल्यावर आमच्या लक्षात आले की ज्या अर्जाची तयारी चालली आहे त्याचा जवळजवळ निम्मा भाग तिच्या हातात नाहीच. तो शाळेने भरायचा असतो. तिच्या शाळेने असा अर्ज पूर्वी कधी भरलेला नव्हता, आणि त्यासाठी काय काय लागते हे शाळेला वेळेवर सांगण्याचे काम आपले आहे, याची आम्हाला कल्पना नव्हती. म्हणून या लेखात शाळेकडून करून घ्यायच्या कामांना मी सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी दोन पद्धतींतला फरक

यूकॅसच्या, म्हणजे ब्रिटिश विद्यापीठांच्या सामाईक, अर्जात विद्यार्थी जास्तीत जास्त पाच पर्याय निवडतो आणि त्या सर्वांना एकच पर्सनल स्टेटमेंट (विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे निवेदन), शाळेचे एकच संदर्भपत्र आणि अपेक्षित ग्रेड जातात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. २०२६ च्या प्रवेशापासून स्टेटमेंट तीन प्रश्नांत विभागले गेले असले, तरी ४,००० अक्षरांची मर्यादा आणि मूळ प्रश्न तोच राहिला आहे: हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे आणि त्यासाठी तुम्ही काय केले आहे? भौतिकशास्त्राला अर्ज केला की प्राध्यापक भौतिकशास्त्राचा विद्यार्थी शोधतात.

अमेरिकेत पदवी चार वर्षांची असते. बहुतेक विद्यापीठांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो, त्यामुळे प्रवेश देणारा अधिकारी केवळ विषय पाहत नाही. चार वर्षांचा शालेय आलेख, वर्गातली वागणूक, शाळेबाहेरचे आयुष्य, घरची परिस्थिती आणि लिहिण्याची पद्धत, असे सगळे एकत्र वाचून तो निर्णय घेतो. ज्या मुलाला गणितासोबत इतिहासही सोडून द्यावासा वाटत नाही, त्याला ही पद्धत मानवते. ज्याला सतराव्या वर्षीच पक्के ठाऊक आहे की आपल्याला फक्त गणितच करायचे आहे, त्याच्यासाठी ब्रिटनमधली तीन वर्षांची पदवी अधिक सरळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांनी तर विशेष विचार करावा. अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षण नसते. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा आणि त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयाची आणखी चार वर्षे, असा तो मार्ग आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी वैद्यकीय महाविद्यालये तिथे मोजकीच आहेत. ब्रिटनमध्ये अठराव्या वर्षी वैद्यकीय प्रवेश मिळू शकत असेल तर तो सोडू नये.

इयर १२: शाळेशी बोलण्याची वेळ

अनेक अमेरिकी विद्यापीठे कॉमन ॲप या सामाईक अर्जातून प्रवेश देतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत आज एक हजाराहून अधिक संस्था आहेत आणि एका विद्यार्थ्याला त्यातून जास्तीत जास्त २० ठिकाणी अर्ज करता येतो. दरवर्षी १ ऑगस्टला नवा अर्ज खुला होतो. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही स्वतंत्र आहे. त्याच्या नऊ परिसरांसाठी एकच अर्ज पुरतो.

कॉमन ॲपमध्ये विद्यार्थ्याच्या भागाशेजारी ‘काउन्सेलर’ नावाचा दुसरा भाग असतो. अमेरिकी शाळांत प्रवेशाचे मार्गदर्शन करणारा काउन्सेलर नेमलेला असतो. ब्रिटनच्या सरकारी शाळांत तसे पद बहुधा नसते, म्हणून ही भूमिका सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांकडे येते. इयर १२ च्या, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाच्या, वसंतात, ईस्टरच्या सुट्टीच्या आसपास, त्यांची वेळ मागून घ्यावी आणि अर्धा तास शांतपणे बोलावे. या भेटीला जाताना एक पानभर टिपण न्यावे, कारण तोंडी सांगितलेले दोन आठवड्यांत विसरले जाते आणि त्यांच्याकडे यूकॅसच्या शेकडो अर्जांचे काम असते.

त्या टिपणात पहिली गोष्ट ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे गुणांच्या नोंदपत्राची, असावी. अमेरिकेतील नववी ते बारावी म्हणजे ब्रिटनमधील इयर १० ते इयर १३, आणि या चारही वर्षांची नोंद त्यांना हवी असते. आपल्याकडे त्यासाठी ठरलेला नमुना नाही. शाळेच्या लेटरहेडवर जीसीएसईचे (इयर ११ च्या अखेरच्या परीक्षेचे) विषयवार निकाल, इयर १२ मधील अंतर्गत परीक्षांचे गुण आणि ए-लेव्हलचे अपेक्षित ग्रेड असे एक स्वच्छ पान तयार करून त्यावर सही आणि शिक्का घेतला की काम होते. अमेरिकी पद्धतीच्या जीपीएमध्ये (सरासरी गुणांकात) रूपांतर करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. अर्जात जीपीए आणि वर्गातील क्रमांक या ठिकाणी ‘लागू नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडता येतो. स्कॉटलंडमधील विद्यार्थ्यांनी नॅशनल आणि हायर या तिथल्या परीक्षांचे निकाल याच रीतीने मांडावेत.

दुसरी गोष्ट शाळेचे परिचयपत्र, ज्याला तिकडे स्कूल प्रोफाइल म्हणतात. अमेरिकेत सतरा वर्षांचा विद्यार्थी एका वेळी पाच-सहा विषय शिकतो, तर आपल्याकडे ए-लेव्हलला तीन किंवा चारच विषय असतात. शाळा कोणत्या प्रकारची आहे, किती विद्यार्थी आहेत, विद्यार्थी साधारणपणे किती ए-लेव्हल घेतात, गेल्या वर्षी कोणते ग्रेड किती जणांना मिळाले आणि जीसीएसईची ९ ते १ ही श्रेणी कशी वाचायची, एवढे या एका-दोन पानांत असले की वाचणाऱ्याला मुलाचे यश त्याच्या शाळेच्या संदर्भात कळते. सामान्य शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला याचा खराखुरा फायदा होतो, कारण अशा शाळेत मिळवलेला ए-स्टार हा सर्वोच्च ग्रेड किती दुर्मीळ आहे हे त्या आकड्यांवरून दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, ती म्हणजे शिफारसपत्रे. सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांचे एक आणि विषय शिक्षकांची बहुतेक ठिकाणी दोन, अशी पत्रे लागतात. यूकॅसचे संदर्भपत्र तसेच्या तसे पाठवून भागत नाही. ब्रिटिश शिक्षक मोजके कौतुक करतात आणि तेच प्रामाणिकपणाचे लक्षण मानतात. माझ्या मुलीच्या गणिताच्या शिक्षकांनी तिला सांगितले, की ‘कष्टाळू आहे, काम वेळेवर देते, उत्तम ग्रेड मिळवेल’ एवढे ते लिहितील. ब्रिटनमध्ये ही वाक्ये चांगली गणली जातात. अमेरिकी वाचकाला मात्र त्यातून हे शिक्षक तिला ओळखत नाहीत असे वाटण्याचा धोका असतो.

मग आम्ही त्यांना पत्रात काय लिहावे हे न सांगता तिने त्यांच्या वर्गातले आठवणीतले तीन प्रसंग एका पानावर लिहून दिले. त्यातला एक असा होता: यांत्रिकीच्या धड्यात भिंतीला टेकवलेल्या शिडीचे नेहमीचे उदाहरण चालू होते. पुस्तकात भिंत गुळगुळीत मानलेली असते. तिने विचारले, की भिंतही खरखरीत असेल तर काय होईल? दोन दिवस ती कागद घेऊन बसली आणि अज्ञात बले चार होतात पण समीकरणे तीनच राहतात, म्हणून केवळ संतुलनाच्या नियमांनी उत्तर निघत नाही, हे स्वतः शोधून शिक्षकांना दाखवायला गेली. शिक्षकांना तो प्रसंग लगेच आठवला. त्यांनी पुढे काय लिहिले ते आम्ही पाहिले नाही, आणि पाहूही नये. पत्रे वाचण्याचा हक्क विद्यार्थी सोडतो, असे अर्जातच मान्य करण्याची सोय आहे. ते मान्य करावे, कारण विद्यार्थ्याने न पाहिलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा अधिक विश्वास बसतो.

शिक्षक निवडताना एक अडचण येते ती गणित, पुढचे गणित (फर्दर मॅथ्स), भौतिक आणि रसायन असे विषय घेतलेल्या मुलांना. एमआयटीसारखी संस्था एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचे आणि दुसरे भाषा, इतिहास किंवा समाजशास्त्र अशा विषयाच्या शिक्षकांचे मागते. या मुलांना इयर १२ मध्ये असा शिक्षकच नसतो. अशा वेळी इयर ११ मध्ये इंग्रजी किंवा इतिहास शिकवलेल्या शिक्षकांकडे जावे लागते, आणि ते शाळा सोडून गेलेले असण्याची शक्यता लक्षात घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच त्यांना विचारून ठेवावे.

तारखांचेही शाळेला आधीच सांगावे. लवकरच्या अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबर असते आणि त्याच सुमारास शाळेची ऑक्टोबरची हाफ-टर्म सुट्टी येते. नियमित अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, तेव्हा शाळा नाताळसाठी बंद असते. म्हणून शाळेच्या दृष्टीने खऱ्या तारखा ऑक्टोबरचा मध्य आणि डिसेंबरचा मध्य या आहेत, आणि टिपणात त्याच लिहाव्यात. विद्यार्थ्याचा अर्ज वेळेत गेला आणि शिक्षकाचे पत्र दोन दिवस उशिरा पोचले तर विद्यापीठे सहसा समजून घेतात, पण त्यावर विसंबू नये.

सॅट

अमेरिकेबाहेर सॅट २०२३ पासून पूर्णपणे संगणकावर होते. दोन तास १४ मिनिटांत वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग सोडवायचे असतात. एकूण गुण १,६००. प्रत्येक विभागाचे दोन टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यातील कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. ए-लेव्हल गणित करणाऱ्याला गणिताचा भाग जड जात नाही; अडकायला होते ते वेगात आणि वाचनाच्या प्रश्नांत. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक या ॲपमध्ये पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा मोफत आहेत. त्या प्रामाणिकपणे वेळ लावून सोडवल्या तर महागड्या शिकवणीची गरज बहुतेक मुलांना पडत नाही.

परीक्षा देण्यास योग्य वेळ म्हणजे इयर १२ चा मार्च किंवा नंतरचा ऑगस्ट आणि ऑक्टोबर. मे-जूनमध्ये शाळेच्या परीक्षांशी गाठ पडते. ब्रिटनमधील केंद्रे मोजकी असून जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी काही महिने आधी करावी. परीक्षेला ओळखीचा पुरावा म्हणून पारपत्र न्यावे.

करोनाच्या काळात बऱ्याच विद्यापीठांनी सॅटची सक्ती उठवली होती. एमआयटीने ती २०२२ मध्ये परत आणली आणि त्यानंतर डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड अशी अनेक नावे त्याच वाटेने गेली. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश ठरवताना हे गुण पाहतच नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वर्षाचा नियम स्वतः वाचावा. ओळखीच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी सांगितलेले आज लागू असेलच असे नाही.

पैसा, आणि मगच यादी

यादी करण्याआधी घरात पैशाचे बोलणे झाले पाहिजे, आणि ते मुलासमोर झाले पाहिजे. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमधील पदवीचे शुल्क वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड आहे आणि त्यासाठी सरकारी कर्ज मिळते. अमेरिकेत पूर्ण पदवी करण्यासाठी हे कर्ज मिळत नाही. नामांकित खासगी विद्यापीठात शुल्क, राहणे, जेवण आणि विमा मिळून वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर खर्च जातो, तोही चार वर्षे. हा आकडा ऐकून अनेक घरांत विषय तिथेच संपतो, आणि ते नेहमीच योग्य नसते.

कारण काही संस्था परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना त्याला मदत लागणार आहे की नाही हे पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर त्याची सिद्ध झालेली पूर्ण गरज भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राऊन या त्यांतल्या प्रमुख. हार्वर्डने २०२५-२६ पासून असे ठरवले आहे, की ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,००,००० डॉलरपेक्षा कमी आणि मालमत्ता सामान्य आहे, त्याच्या मुलाचे शुल्क, राहणे आणि जेवण विनामूल्य, आणि २,००,००० डॉलरपर्यंत शुल्क माफ. एमआयटीतही २०२५ पासून २,००,००० डॉलरच्या आतील कुटुंबांना शुल्क पडत नाही. मध्यम उत्पन्नाच्या घराला हार्वर्ड हे इंग्लंडमधल्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडू शकते. अडचण एवढीच की तिथे शंभरांतल्या सुमारे चौघांनाच प्रवेश मिळतो.

बाकीच्या बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की त्याची शक्यता कमी होते. म्हणून काही जण सुचवतात की पहिल्या वर्षी मदत मागू नका, नंतर मागा. हा सल्ला मानू नका. प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे ती मागता येणार नाही, असा अनेक विद्यापीठांचा नियम आहे. सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदत फारशी मिळत नाही. तिथे गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या पाहाव्यात. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची मोरहेड-केन ही त्यांतली एक मोठी शिष्यवृत्ती. अशा शिष्यवृत्त्यांच्या मुदती नियमित अर्जाच्या बऱ्याच आधी संपतात.

मदतीसाठी बहुतेक खासगी संस्था सीएसएस प्रोफाइल हा अर्ज भरून घेतात. पहिल्या संस्थेसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकीसाठी १६ डॉलर पडतात. त्यात पी-६० (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला), पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेतील शिल्लक आणि घराची किंमत यांबरोबरच परदेशातील मालमत्ताही दाखवावी लागते. आपल्यापैकी अनेकांचा पुण्यात किंवा ठाण्यात एखादा फ्लॅट असतो, किंवा गावाकडे सातबाऱ्यावर चार भावांबरोबर नाव असते. फ्लॅट दाखवावाच. सामाईक जमिनीबद्दल, ती विकता येत नाही आणि आपला हिस्सा किती, हे विशेष परिस्थितीच्या रकान्यात साध्या भाषेत लिहावे. आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी दरमहा भारतात पाठवत असलेली रक्कमही तिथेच नोंदवावी.

आणखी एक गोष्ट मराठी कुटुंबांत वारंवार दिसते. वडील किंवा आई नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत होते, मूल तिथे जन्मले आणि मग कुटुंब ब्रिटनला आले. अमेरिकेत जन्मलेले असे मूल अमेरिकेचे नागरिक असते. त्याला विद्यार्थी व्हिसा लागत नाही, प्रवास अमेरिकी पारपत्रावरच करावा लागतो आणि केंद्र सरकारच्या मदतीसाठी फाफ्सा हा अर्ज त्याला खुला असतो. हे कागद इयर १२ मध्येच शोधून काढावेत.

सरकारी शाळेतील मुलांसाठी सटन ट्रस्ट या धर्मादाय संस्थेचा अमेरिका कार्यक्रम २०१२ पासून फुलब्राइट आयोगाच्या साहाय्याने चालत आला आहे. त्यासाठी इयर १२ मध्ये अर्ज करतात आणि निवड झाल्यास संपूर्ण मार्गदर्शन विनामूल्य मिळते. पात्र असाल तर खासगी सल्लागाराला एक पौंडही देण्यापूर्वी हा अर्ज करा.

एवढे झाल्यावर यादी आठ ते दहा नावांची ठेवावी. त्यात केवळ जगप्रसिद्ध नावे नसावीत. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना यांसारखी लिबरल आर्ट्स (विविध विषयांचे पदवीशिक्षण देणारी छोटी) महाविद्यालये भारतात आणि ब्रिटनमध्ये फारशी ऐकलेली नसतात, पण तिथे विद्यार्थिसंख्या एक-दोन हजारांच्या घरात असते आणि प्राध्यापक स्वतः शिकवतात.

लवकर अर्ज करावा का?

१ नोव्हेंबरच्या मुदतीचे दोन मुख्य प्रकार आहेत. अर्ली डिसिजन म्हणजे बांधील अर्ज: एकाच संस्थेत करायचा आणि प्रवेश मिळाला तर बाकी सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचे. त्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. अर्ली ॲक्शनमध्ये असे बंधन नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा प्रकार मधला आहे: बांधिलकी नाही, मात्र त्याच वेळी अमेरिकेतील दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकरचा अर्ज करता येत नाही. परदेशी विद्यापीठांना ही अट लागू नसल्याने ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा अर्ज सोबत चालतो.

अर्ली डिसिजनचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. ऑक्सफर्डच्या मुलाखती डिसेंबरमध्ये आणि निकाल जानेवारीत. म्हणजे अमेरिकेने होकार दिला तर ऑक्सफर्डचे उत्तर हाती येण्यापूर्वीच तो अर्ज मागे घ्यावा लागतो. शिवाय वेगवेगळ्या संस्थांनी देऊ केलेली मदत शेजारी ठेवून पाहण्याची संधी जाते. ज्या मुलाची पहिली पसंती अगदी पक्की आहे आणि ज्या घराने पैशाचा हिशेब पूर्ण केला आहे, त्यांनीच हा मार्ग घ्यावा. आम्ही घेतला नाही.

निबंध आणि उपक्रमांची यादी

कॉमन ॲपचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. आपल्या मुलांची पहिली चूक अशी होते की ती यूकॅसचे स्टेटमेंट ताणून निबंध करतात. मुलीचा पहिला मसुदा भौतिकशास्त्र का आवडते यावर होता. त्यात चूक काहीच नव्हती, पण तो कोणत्याही हुशार मुलीचा असू शकला असता.

दुसरा मसुदा आजीवर होता. आजी आमच्याकडे राहते, तिला इंग्रजी येत नाही, आणि बाराव्या वर्षापासून मुलगी तिच्यासोबत जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, दुभाषी म्हणून जात असे. आजी कधी म्हणे ‘कळ येते’, कधी ‘ठणकतंय’, कधी ‘चमक निघाली’, तर कधी नुसतेच ‘रग लागलीय’. डॉक्टर विचारत, दुखणे शून्य ते दहांत किती? चार वेगळ्या दुखण्यांचा एक आकडा करताना काय हरवते, आणि मोजता येण्याजोगे काय उरते, यावर तिने लिहिले. भौतिकशास्त्र हा शब्द त्यात एकदाच आला, तरी मोजमापाबद्दल विचार करणारी मुलगी त्यातून दिसत होती. असा विषय प्रत्येक घरात असतो. मात्र तो मुलाला सापडू द्यावा लागतो. पालकाने लिहिलेला निबंध वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येतो. ब्रिटिश वर्णलेखन चालते, बदलू नये.

उपक्रमांसाठी दहा जागा आणि प्रत्येक वर्णनाला १५० अक्षरे मिळतात. मुलीने आधी लिहिले होते, ‘रविवारच्या मराठी शाळेत मदत करते.’ नंतर लिहिले, ‘६ ते ८ वयाच्या ९ मुलांना दर रविवारी वाचन शिकवले, बाराखडीचे पत्ते स्वतः तयार केले.’ काम तेच, पण आता ते डोळ्यांसमोर येते. शनिवारी सुपरमार्केटमधली नोकरी आणि धाकट्या भावंडांना शाळेतून आणणे यांनाही या यादीत मानाची जागा आहे. आपली मुले या गोष्टी वगळतात, कारण यूकॅसमध्ये त्यांना फारसे महत्त्व नसते. त्याखेरीज बहुतेक विद्यापीठे स्वतःचे छोटे निबंध मागतात आणि ‘आमचीच संस्था का?’ हा प्रश्न त्यांत हमखास असतो; त्याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या पानावरचे खरे वर्ग वाचूनच द्यावे.

होकार आल्यानंतर

नियमित अर्जांचे निकाल मार्चअखेरीपर्यंत लागतात आणि उत्तर १ मेपर्यंत द्यायचे असते. यूकॅसप्रमाणे विशिष्ट ग्रेडची अट त्यात सहसा नसते, म्हणून काही मुले मे महिन्यात सैलावतात. ग्रेड फारच घसरले तर प्रवेश रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठाने राखून ठेवलेला असतो, आणि चांगल्या ए-लेव्हल ग्रेडवर अनेक ठिकाणी श्रेयांकही मिळतात, तेव्हा परीक्षा मनापासूनच द्यावी.

मेमध्ये होकार कळवून अनामत भरली की विद्यापीठ आर्थिक पुरावे मागते आणि आय-२० हा दाखला देते. मग ३५० डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क (हे २०२५ चे आकडे) आणि लंडनच्या नाईन एल्म्स येथील दूतावासात किंवा बेलफास्टला मुलाखत, असा क्रम आहे. एस्टा या व्हिसाशिवाय थोड्या दिवसांच्या भेटीसाठीच्या परवानगीवर शिकायला जाता येत नाही. २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही.

ज्या मुलांकडे अजून भारतीय पारपत्र आणि ब्रिटनमधील कायम वास्तव्याची परवानगी आहे, त्यांच्या पालकांनी एक गोष्ट आधी तपासावी. सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास ही परवानगी संपते, आणि नागरिकत्वाच्या अर्जात बाहेर घालवलेल्या दिवसांचा हिशेब होतो. नागरिकत्व घ्यायचेच असेल तर ते जाण्यापूर्वी घेणे सोयीचे.

शेवटचा कागदही शाळेचाच असतो. ए-लेव्हलचे निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतात, अमेरिकेतील सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, आणि मधल्या दोन आठवड्यांत शाळेने अंतिम अहवाल निकालासह पाठवायचा असतो. त्या वेळी बहुतेक शिक्षक सुट्टीवर असतात. म्हणून जूनमध्ये, शाळेतला शेवटचा दिवस उरकण्याआधीच, हा अहवाल नेमके कोण पाठवणार हे विचारून घ्यावे, त्या व्यक्तीचे नाव आणि ईमेल लिहून ठेवावे, आणि निकालाच्या दिवशी मुलाने शाळेत जाऊन तो पाठवला गेल्याची खात्री करूनच घरी यावे.